रंग बघणारे डॉक्टर

सई, परवा फोनवर तू सांगितलंस की विद्यापीठात तुला अभ्यासाला एक रेणू मिळाला आहे आणि त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे, सोळा. "आजी, इतका लहान आहे ना, की कितीतरी वर्षं कुणाला दिसलाच नाही," असं तू म्हणालीस. तेवढ्यात ओमने फोन ओढून घेतला आणि मी काय जेवले ते विचारत बसला. मला तुला काहीतरी सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. फोनवर मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. अक्षर मोठं काढलं आहे. रोज दोन पानं वाचलीत तरी चालेल.

तुझा तो सोळा नंबर माणसाच्या शरीरात जिथे राहतो, त्या जागेवरून रात्रंदिवस विचार करणारा एक माणूस मी ठाण्यात पाहिला आहे. त्याच्याकडे मी सोळा-सतरा वर्षं नोकरी केली. नाव लिहीत नाही. लॅबच्या पाटीवरसुद्धा ते इतक्या बारीक अक्षरात होतं की पेशंट खालच्या स्टेशनरीच्या दुकानात विचारून मग वर येत. आम्ही सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणायचो.

डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट होते. म्हणजे लोकांचं रक्त तपासून त्यात काय आहे ते सांगायचं. नौपाड्यात, त्या स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मी, माझा टाइपरायटर, फायलींचं कपाट आणि पेशंटसाठी एक बाक. आतल्या खोलीत ते, त्यांचा मायक्रोस्कोप आणि एक मोठी खिडकी. तुमची आई तेव्हा पाचवीत होती. इंग्रजी आणि टायपिंग येतं एवढ्या भांडवलावर मी नोकरी मागायला गेले होते. त्यांनी माझी सर्टिफिकेटं उघडूनही पाहिली नाहीत.

"बाई, तुम्हाला घाई असते का?" त्यांनी विचारलं.

"कशाची?"

"कशाचीही."

"नाही."

"मग उद्यापासून या. पेशींना घाई कळत नाही. आणि रिपोर्ट म्हणजे पत्रच असतं. त्यात एक शून्य इकडचं तिकडे झालं तर तिकडे एका घरात चूल पेटत नाही."

ते उंच होते, मायक्रोस्कोपवर वाकून वाकून पाठीला थोडा बाक आलेला. पांढरा कोट ते घालत नसत. रक्ताच्या स्लाइडला द्यायचा रंग जांभळा असतो, तो उडतो आणि पांढऱ्या कोटावरचे डाग बघून पेशंट घाबरतात, म्हणून त्यांनी शिंप्याकडून जांभळ्या कापडाचे दोन कोट शिवून घेतले होते. तो घालून ते खाली उतरले की रस्त्यावरची पोरं 'जांभूळ डॉक्टर, जांभूळ डॉक्टर' करत मागे लागत. ते थांबत आणि गंभीरपणे म्हणत, "पिकलेलं आहे. खाऊन बघा." पोरं पळत सुटत.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या असतात, हे तुला माहीतच आहे, पण ओमला नसेल. शंभर पेशी मोजायच्या आणि त्यांत कुठल्या प्रकारच्या किती ते लिहायचं. त्यासाठी टकटक वाजणारं एक यंत्र मिळतं. डॉक्टरांनी ते घेऊन कपाटात ठेवून दिलं होतं. ते चिंचोक्यांनी मोजत. डाव्या हाताशी पाच वाट्या, मांडीवर चिंचोक्यांची पिशवी. डोळा मायक्रोस्कोपला, आणि हात आपोआप चिंचोका उचलून बरोबर वाटीत टाकणार. शंभर झाले की मी आत जाऊन वाट्यांतले चिंचोके मोजायचे आणि आकडे लिहून घ्यायचे. मी एकदा म्हटलं, यंत्र आहे ना, मग हे कशाला? तर म्हणाले, "यंत्र टकटक करतं. कान तिकडे गेला की डोळाही तिकडे जातो. चिंचोका गप्प असतो."

रंगाचं त्यांना फार होतं. स्लाइडचा रंग पाण्यावर अवलंबून असतो आणि नळाचं पाणी रोज सारखं येत नाही, अशी त्यांची तक्रार. काचेच्या बरण्यांत पाणी भरून त्यावर मला चिठ्ठ्या चिकटवायला लावत: सोमवार, मंगळवार, बुधवार. रंग चांगला उतरला की बाहेर येऊन सांगत, "आज जांभूळ आलंय." नाही उतरला की, "आज नुसतं करवंद आहे, कच्चं. पेशंटना चहा द्या, वेळ लागेल." पेशंटना पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये चहा मिळत असे, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक बाई नेहमी यायची. मासे विकून टोपली घेऊनच वर चढायची, त्यामुळे बाकावर तिच्या शेजारी कुणी बसत नसे. डॉक्टर मुद्दाम बाहेर येऊन तिच्या शेजारी बसत. ती एकदा म्हणाली, "डाक्टर, दर येलेला रगत नेतंस. माजे रगतान हाय तरी काय, सांग ना मना!"

"लोखंड कमी आहे."

"लोखंड? मी काय होरीचा नांगर हाय?"

होरी म्हणजे त्यांची लहान होडी. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये शेवटच्या ओळीत त्यांनी मला इंग्रजीत लिहायला लावलं की रुग्ण नांगर नाही, तरी लोह द्यावे. मी म्हटलं, हे असं लिहीत नाहीत. म्हणाले, "बरं, पहिला अर्धा भाग काढा."

आता मोहन्याची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाईट रिपोर्ट ते कधी बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात देत नसत. पाकीट खिशात घालून स्वतः घरी जात. कल्याणच्या पलीकडे मोहने म्हणून वस्ती आहे, तिथल्या एका कामगाराच्या बायकोचा रिपोर्ट असाच आला होता. डॉक्टर बसने कल्याणला, तिथून रिक्षाने मोहन्याला गेले. त्या दिवशी मीही बरोबर होते, कारण त्या बाईंशी बोलायला एखादी बाई हवी असं त्यांना वाटलं. खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी चपला काढल्या, मग पाणी मागितलं, मग चहा. तो पिऊन झाल्यावर घरात कोण कोण आहे ते विचारलं, मुलीची वही बघितली, तिच्या शुद्धलेखनाला 'छान' म्हणाले. अर्धा तास गेल्यावर त्यांनी पाकीट काढलं. आणि मग इतक्या हळू, इतकं सविस्तर सांगितलं, की ती बाई शेवटी त्यांनाच म्हणाली, "घाबरू नका डॉक्टर, होईल काहीतरी."

परत येताना मी विचारलं, "प्रत्येकाकडे जाता, थकवा नाही येत?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाई, माझ्या मेव्हण्यांना रक्ताचा कॅन्सर झाला होता. मी नुकता पास झालेलो. स्लाइड मीच पाहिली. धावत घरी गेलो आणि अक्काला सांगितलं. उभ्यानं. दारात. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. एका वाक्यात. दीड महिन्यात ते गेले. अक्का ते वाक्य अजून मला म्हणून दाखवते. रागानं नाही. तिला दुसरं कुठलं आठवतच नाही त्या दिवसाचं."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना वाढवलेलं, आणि मेव्हणे गेल्यावर ती त्यांच्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी लग्न केलं नाही. घर लॅबपासून दोनशे पावलांवर. रोज दुपारी एक वाजता अक्का डबा घेऊन जिना चढायची, आणि पहिल्याच पायरीपासून बोलायला सुरुवात करायची. "काल भाजी परत आणलीस. मेथीनं तुझं काय घोडं मारलंय रे? अगं, हा खातो का गं काही? का तुलाच देतो?"

मी म्हणायचे, "खातात, अक्का."

"तू त्याच्याच बाजूची."

आता त्या स्लाइडकडे येते.

रोज सकाळी आठ वाजता, पेशंट यायच्या आधी, डॉक्टर स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचत आणि रक्ताचा एक थेंब काचेवर पसरवत. ती दिवसाची पहिली स्लाइड. निरोगी माणसाच्या रक्ताला रंग नीट चढतो आहे ना, हे आधी बघायचं आणि मगच लोकांच्या रक्ताला हात लावायचा. "आमटी वाढायच्या आधी आपण चाखतो, तसं," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. स्लाइड बघून झाली की मी तिच्यावर तारीख घालून लाकडी पेटीत उभी करून ठेवत असे. एका पेटीत शंभर. अशा पेट्यांनी एक अख्खं कपाट भरलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची एक सकाळ. डॉक्टर आतून म्हणाले, "बाई, रंग ओतून द्या. नवा करतो." नवा केला. पुन्हा बोट टोचलं. पुन्हा म्हणाले, "पाणी कुठल्या दिवसाचं आहे?" पाणी बदललं. तिसऱ्यांदा बोट टोचलं. बाहेर बाकावर चार माणसं येऊन बसली होती. आतून काहीच आवाज येईना, म्हणून मी आत गेले. ते चिंचोके टाकत होते. मी त्यांना स्वतःच्या स्लाइडवर चिंचोके टाकताना कधी पाहिलं नव्हतं. दोन नंबरच्या वाटीत चिंचोके मावत नव्हते, टेबलावर सांडले होते.

"बाई," ते मान वर न करता म्हणाले, "ही स्लाइड बदलली का हो तुमच्याकडून? दुसऱ्या कुणाची इथं आली असेल."

मला राग आला. "माझ्या टेबलावर असं होत नाही, डॉक्टर."

"हो," ते म्हणाले. "म्हणूनच विचारलं."

त्यांचा आवाज ऐकून माझा राग गेला. मी चूक केली असती तर त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पेशंट गेल्यावर त्यांनी पेट्या काढायला सांगितल्या. आम्ही मागे मागे जात गेलो. काल, गेला महिना, गेली दिवाळी. मी स्लाइड द्यायची, त्यांनी बघायची, मी परत जागेवर ठेवायची. दोन वर्षं मागे गेल्यावर त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. लिम्फोसाइट नावाच्या, त्या दोन नंबरच्या वाटीतल्या पेशी दोन वर्षं हळूहळू वाढत आल्या होत्या. दर आठवड्याला थोड्याशा, घरात नकळत धूळ साठावी तशा.

"रोज बघत होतो हो मी," ते म्हणाले. "रोज सकाळी. रंग बघत होतो. जांभूळ की करवंद. रक्त बघितलंच नाही."

गावातल्या प्रत्येकाचं रक्त ज्यांनी दोनदा बघितल्याशिवाय सोडलं नाही, त्यांनी स्वतःचं दोन वर्षं समोर असून बघितलं नव्हतं. मी सकाळचे सांडलेले चिंचोके गोळा केले.

हा रक्ताचा कॅन्सरच, पण अतिशय संथ जातीचा. म्हाताऱ्यांना होतो, पुष्कळदा वर्षानुवर्षं काही त्रासही देत नाही. हे त्यांनी मला नीट समजावलं आणि मग म्हणाले, "उद्यापासून सकाळचं बोट तुमचं. माझं आता चाखायला चालणार नाही. आणि अक्काला सांगायचं नाही."

"तुम्ही मोहन्यापर्यंत जाता सांगायला."

"तिथं अक्का नव्हती." मग म्हणाले, "तिनं तो शब्द एकदा माझ्या तोंडून ऐकलाय, बाई. संथ आणि जलद तिला काय कळणार? ती दीड महिना मोजायला लागेल."

मी कबूल केलं. फक्त एका गोष्टीवर अडले. त्यांनी स्वतःचा रिपोर्ट सांगितला, मी टाइप केला, आणि नावाच्या जागी त्यांनी कुणाचं तरी खोटं नाव सांगितलं. मी म्हटलं, खोटं नाव मी टाइप करणार नाही. बराच वाद झाला. शेवटी नावाची जागा कोरी ठेवायची असं ठरलं. दर सहा महिन्यांनी एक कोरा रिपोर्ट माझ्या खणात जमा होऊ लागला. आणि दर दुपारी एक वाजता अक्का विचारायची, "बरा आहे ना गं हा? तोंड उतरल्यासारखं दिसतं." मी म्हणायचे, "बरे आहेत." तुमच्या पणजोबांनी मला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल एकदाच मारलं होतं. त्यानंतर मी एवढं खोटं त्या जिन्याच्या तोंडाशीच बोलले.

याच काळात त्यांना तो नाद लागला. शनिवारी दुपारी लॅब बंद करून ते मुंबईच्या मोठ्या मेडिकल लायब्ररीत जात आणि परदेशी मासिकांतून हाताने उतरवून आणत. सोमवारी मी ते टाइप करायचे. त्यांतून कळलं की या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळून गेलेला असतो. तिथे नक्की कुठलं जनुक हरवलं आहे ते जगभरचे लोक शोधत होते. शोधून शोधून दमले होते. ज्याच्यावर बोट ठेवावं असं जनुक त्या तुकड्यात सापडेना.

डॉक्टर येरझारा घालत. "काही नाही म्हणतात तिथं! अहो, काहीच नाही, तर ते हरवल्यावर माणूस आजारी कसा पडतो?" एकदा माझ्या टाइपरायटरपाशी येऊन त्यांनी त्या लांब पट्टीवर बोट ठेवलं. "ही दाबली की काय उमटतं?"

"काही नाही. दोन शब्दांत जागा सुटते."

"ती काढून टाकली तर?"

"सगळे शब्द एकमेकांना चिकटतील. वाचता येणार नाही."

"मग?" ते विजयी मुद्रेने म्हणाले. "तुमचं अर्धं काम ही पट्टी करते आणि कागदावर ती दिसते का?"

सई, त्यांचा तर्क पुरता बरोबर नव्हता, हे मला आता तुझ्यामुळे कळतं. ती जागा रिकामी नव्हतीच. तिथे तुझा सोळा नंबर होता आणि त्याचा जोडीदार पंधरा. जेमतेम बावीस अक्षरांचे दोन मायक्रोआरएनए. मोठं जनुक शोधणाऱ्यांच्या चाळणीतून ते खाली पडत होते. तू सांगितलंस ते मी असं समजले आहे, चुकलं तर दुरुस्त कर: हे दोघे स्वतः काहीच बनवत नाहीत. दुसऱ्या एखाद्या जनुकाचा निरोप निघाला की त्यावर जाऊन बसतात आणि तो पोचू देत नाहीत. ज्या निरोपामुळे जुन्या पेशी मरायच्या टळतात, तो निरोप हे अडवतात. हे हरवले की तो निरोप मोकाट सुटतो आणि पेशी साठत जातात. हे सगळं नव्या शतकात सापडलं. तोवर डॉक्टर जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ते त्या आजाराने गेलेच नाहीत. हृदयाने गेले, दुपारच्या झोपेत, आणि त्यानंतर मीही नोकरी सोडली. पण ते पुढचं. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधी पाच वर्षांचं.

त्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. या आजारात अंगाची ताकद कमी होते, साधा खोकलाही महागात पडतो. तलावाजवळच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवलं होतं. मी संध्याकाळी गेले तेव्हा ताप इतका होता की त्यांनी मला ओळखलं नाही. अक्का खाटेशी स्टुलावर बसली होती, त्यांच्या पायाचा अंगठा हातात धरून.

तिथला तरुण डॉक्टर गोंधळलेला होता. "काकू, यांना आधी काही आजार होता का? रक्तात पांढऱ्या पेशी फारच आहेत. न्यूमोनियानं इतक्या नाही वाढत."

"याला?" अक्का म्हणाली. "याला कधी साधं पडसं नाही झालं."

"मग मला वाटतं, यांना आजच मुंबईला हलवावं. वेगळंच काहीतरी दिसतंय, जलद वाढणारं. औषधंही मग त्याचीच सुरू करावी लागतील."

माझ्या पर्समध्ये सात कोरे रिपोर्ट होते. येताना मी ते खणातून का घेतले, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. डॉक्टरांकडे पाहिलं. ओठ कोरडे, श्वास घरघरत होता. शब्द दिला होता खरा. पण शब्द ज्याला दिला, तोच राहिला नाही तर तो सांभाळून काय करायचं?

"जरा बाहेर येता?" मी त्या तरुण डॉक्टरला म्हटलं.

अक्का उठली. "बाहेर कशाला? माझ्यासमोर बोल."

"अक्का—"

"बोल म्हणते ना."

मी रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिले. त्याने पहिला पाहिला, दुसरा पाहिला. "हे कुणाचे? नाव नाहीये."

मी त्याच्याच खिशातलं पेन घेतलं आणि सातही कागदांवर डॉक्टरांचं नाव लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या दिवशी ते वाकडं आलं. तो झरझर वाचत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "हा जुना आहे तर! संथवाला. मग हलवायची गरज नाही. इन्फेक्शनचंच बघू, जोरात बघू. बरं झालं सांगितलंत." तो नर्सला हाका मारत गेला.

अक्का माझ्याकडे बघत होती. "तोच का?" तिने विचारलं. शब्द उच्चारला नाही.

"तोच. पण हळू चालणारा. यात माणूस वर्षानुवर्षं राहतो, अक्का."

"कोण म्हणतं?"

"डॉक्टर स्वतःच म्हणाले."

"तो लबाड आहे. लहानपणापासून." ती परत स्टुलावर बसली आणि तिने पुन्हा अंगठा धरला. "किती वर्षं झाली?"

"साडेतीन."

ती बोटं मोजत असावी असं मला वाटलं. पण नाही. ती म्हणाली, "साडेतीन वर्षं मी याला मेथीवरून बोलतेय."

तीन आठवड्यांनी डॉक्टर लॅबमध्ये परत आले. जांभळा कोट आता खांद्यावरून घसरत होता. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बाकावरच बसले. मी पाणी दिलं.

"बाई, तुम्ही सांगितलंत."

"हो."

"चूक केलीत."

"असेल."

"पहिलीच तुमची." पाणी पिऊन त्यांनी ग्लास परत दिला. "घरात आठ दिवस ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला वाढते, औषध देते, पांघरूण घालते. बोलत नाही. रागावली असती तर बरं होतं. दीड महिना मोजत असेल, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी बोट टोचून घेतलं, माझी स्लाइड रंगवून झाली, आणि ते ती बघत होते तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. दुपारची वेळ नव्हती आणि हातात डबाही नव्हता. अक्का सरळ आतल्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत मी तिला त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"तुझं रक्त. दाखव मला."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःचं रक्त तपासायला केलेली स्लाइड मी पेटीतून काढून दिली. त्यांनी ती लावली, उठले, तिला आपल्या स्टुलावर बसवलं. स्टूल तिला उंच होतं, पाय अधांतरी लोंबत होते. एक डोळा मिटता येईना, तर तिने पदराने झाकला.

"काही दिसत नाही."

"दम धर. हे चाक हळू फिरव. हळू."

"हां." तिने चाक आणखी जरासं फिरवलं. मग म्हणाली, "जांभळी जांभळी."

"ती माझी."

"किती रे!"

"फार आहेत. तोच तर आजार. एरवी जुन्या झाल्या की आपापल्या मरतात. या मरत नाहीत. वेळ झाली की जायचं, हेच विसरल्यात."

अक्का बघत होती. खालून दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

"दुष्ट नाही वाटत," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, काळं काहीतरी असेल. दात असलेलं. ह्यांच्या वेळी मी तेच मनात धरून बसले होते. या तर नुसत्या बसल्यात. लग्नघरात पाहुणे राहतात ना, मांडव उतरला तरी."

जगातल्या कुणालाही, कितीही वेळ समजावून सांगणारा तो माणूस टेबलाची कड धरून उभा होता.

"मग कुणीतरी सांगायला हवं त्यांना," अक्का म्हणाली. ती आणखी वाकली, नाक काचेला लागेल इतकी, आणि शेजारच्या खोडकर मुलांना सांगावं तसं म्हणाली, "पुरे झालं रे बाबांनो. निघा आता. बराच वेळ बसलात."

मला हसू आलं आणि ते मी पदरात दाबलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"ऐकतील का रे?" तिने डोळा न काढता विचारलं.

"माझ्याच आहेत त्या, अक्का. तुझं ऐकून घेतील आणि करायचं तेच करतील."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून रोज सांगायला येणार आहे. हे चाक कसं म्हणालास, हळू फिरवायचं ना?"